जुने दप्तर, नवे यंत्र

आपल्या संस्थेच्या कचेरीत गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एक काम झाले. बहुतेक पालकांना त्याची वार्ताही नसेल. शाळेतील प्रवेशाच्या नोंदी, फीच्या पावत्या, हजेरी, निकालपत्रके आणि शाळा सोडल्याचे दाखले ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले जातात त्याची आवृत्ती जुनी झाली होती, आणि ती बदलून नवी घ्यावयाची होती. हे सॉफ्टवेअर कचेरीतील टेबलावरच्या संगणकात नसते. ते भाड्याने घेतलेल्या, दूर कोठेतरी असलेल्या सर्व्हरवर चालते आणि आपण इंटरनेटच्या द्वारे त्यात नोंदी करतो. ह्या व्यवस्थेला हल्ली क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे : मोठ्या इमारतीत रांगेने लावलेली लोखंडी कपाटे, त्यांत बसविलेले संगणक, चोवीस तास वीज, थंड हवा आणि दारावर पहारा.

सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंपनीचा एक तरुण कचेरीत आला आणि काम कसे होणार ते सांगू लागला. "जुन्या सर्व्हरला आम्ही हात लावणार नाही. शेजारी नवा सर्व्हर उभा करू, त्यावर नवी आवृत्ती बसवू, सगळे दप्तर तिकडे नेऊ, आणि मग पत्ता तिकडे फिरवू." आमचे हेडक्लार्क, ज्यांना सारी कचेरी चाचा म्हणते, हे ऐकून चक्रावले. ते म्हणाले, "अरे बेटा, छप्पर गळते म्हणून कोणी नवे घर बांधतो काय? आहे त्याच यंत्रात नवी आवृत्ती बसव ना." त्यावर तो तरुण, "चाचा, आता असेच करतात," एवढेच म्हणून गप्प राहिला.

प्रश्न वाजवी होता आणि उत्तर अपुरे होते. ही रीत कोठून आली, ती शिकताना कोणी काय किंमत मोजली, ह्याची थोडी चौकशी करावी असे मला वाटले. ती येथे पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पुढे ठेवीत आहे.

संगणकाच्या पहिल्या दोन पिढ्यांत चाचांचेच म्हणणे खरे ठरले असते. त्या काळचा संगणक एक मोठी खोली व्यापून बसे आणि त्याची किंमत इतकी असे की मोठमोठ्या कंपन्याही तो विकत न घेता भाड्याने घेत. शेजारी दुसरा उभा करणे ही कल्पनाच कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. शिवाय एक मोठी अडचण होती. नवे यंत्र आणले तर जुन्या यंत्रासाठी लिहिलेले काम त्याला कळतच नसे. पगारपत्रकाचे, मालाच्या हिशेबाचे सारे कार्यक्रम पुन्हा मुळापासून लिहावे लागत. आयबीएम कंपनीचे 1401 हे यंत्र 1959 साली आले आणि अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे जगभर लागली. म्हणजे दहा हजारांहून अधिक कचेऱ्यांचे दप्तर त्या एका यंत्राच्या भाषेत अडकून पडले.

7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने सिस्टिम 360 ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्यात लहानापासून मोठ्यापर्यंतची यंत्रे एकाच कुटुंबातली होती. लहान यंत्रासाठी लिहिलेले काम पुढे मोठे यंत्र घेतल्यावर त्यावरही चालावे असा तिचा पाया होता. त्याखेरीज काही यंत्रांत अशी सोय केली होती की ती जुन्या 1401 ची नक्कल करून त्याचे कार्यक्रम जसेच्या तसे चालवीत. अनेक कचेऱ्यांनी नवे यंत्र घेतले आणि त्यावर वर्षानुवर्षे जुनेच काम चालविले. आज हे वाचून हसू येईल. पण यंत्र बदलले तरी काम टिकले पाहिजे, हा विचार व्यवहारात प्रथम येथेच मोठ्या प्रमाणावर उतरला.

त्या काळातील आणखी एक रीत सांगण्याजोगी आहे. नव्या यंत्रावर पगारपत्रक सुरू करताना जुनी पद्धत लगेच बंद करीत नसत. महिना-दोन महिने दोन्ही चालवीत, आणि दोन्हींचे आकडे जुळले की मगच जुनी बंद करीत. खर्च दुप्पट, मेहनतही दुप्पट. पण कामगाराचा पगार चुकणे त्याहून महाग पडे.

पुढची पायरी म्हणजे एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक असल्याचा भास निर्माण करणे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या मंडळींनी 1960 च्या दशकात हा प्रयोग केला, आणि 1972 साली व्हीएम 370 ह्या नावाने तो बाजारात आला. प्रत्येक माणसाला वाटे की सारे यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. पुढे 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हीच युक्ती साध्या, स्वस्त संगणकांवर आणली. ह्या आभासी यंत्राचे वैशिष्ट्य असे की ते लोखंडाचे नसून फायलीचे असते. फाईल पुसली की यंत्र गेले, फाईलची प्रत केली की दुसरे यंत्र उभे! चाचांच्या घराच्या उपमेत बसणार नाही अशी ही गोष्ट आहे, आणि त्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे. नवे घर बांधणे महाग असते म्हणून आपण छप्पर शाकारतो. घर फुकटात आणि पाच मिनिटांत बांधून मिळू लागले, तर डागडुजीचा हिशेबच बदलतो.

ते जवळजवळ फुकटात मिळू लागले ती तारीख आहे 25 ऑगस्ट 2006. ॲमेझॉन ह्या कंपनीने त्या दिवशी ईसीटू नावाची सेवा काही मोजक्या गिऱ्हाइकांसाठी सुरू केली. एक आभासी यंत्र तासाला दहा सेंट भाड्याने. त्यात 160 गिगाबाइटची डिस्क. हवे तेव्हा घ्या, नको तेव्हा सोडा, जितके तास वापरले तितकेच भाडे. अशा एका भाड्याच्या यंत्राला इन्स्टन्स म्हणतात. हा शब्द आपल्या कंपनीच्या पत्रातही होता आणि त्याने कचेरीत बराच गोंधळ उडविला होता.

येथे एक बाब फारशी सांगितली जात नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या त्या यंत्राची डिस्क कायमची नव्हती. यंत्र सोडून दिले अथवा ते बंद पडले की त्यातील सारा मजकूर नाहीसा होई. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी उणीव होती. पण ह्या उणिवेने त्यांना एक शिस्त लावली : यंत्रात जिवापाड जपण्यासारखे काही ठेवायचेच नाही. दप्तर वेगळे आणि यंत्र वेगळे.

मग 2008 साली दोन सोयी आल्या. मार्च महिन्यात असा पत्ता मिळू लागला की जो एका यंत्रावरून काढून दुसऱ्या यंत्राला लावता येई. आणि ऑगस्टमध्ये अशी डिस्क आली की जी यंत्रापासून स्वतंत्र राही. यंत्र मेले तरी डिस्क हयात, ती काढून नव्या यंत्राला जोडावी. आता पाहा, घर, तिजोरी आणि दारावरची पाटी ह्या तिन्ही वस्तू एकमेकींपासून सुट्या झाल्या. नवे घर उभारा, तिजोरी हलवा, पाटी उचलून तिकडे लावा. पोस्टमन नव्या घरी येऊ लागतो आणि पत्र लिहिणाऱ्याला काही कळतही नाही.

पाटीची गोष्ट तर त्याहूनही जुनी आहे. इंटरनेटवर यंत्रांना आकड्यांचे पत्ते असतात. माणसाला लक्षात राहावे म्हणून त्यांना नावे देतात. नाव आणि आकडा ह्यांची सांगड घालणारी जी व्यवस्था आज साऱ्या जगात चालते तिचा आराखडा पॉल मोकापेट्रिस ह्या संशोधकाने 1983 साली मांडला. त्यात प्रत्येक नोंदीला एक मुदत दिलेली असते. तेवढा वेळ इतर यंत्रे ती नोंद आपल्याकडे जपून ठेवतात आणि पुन्हा विचारायला येत नाहीत. म्हणून दप्तर हलविण्याच्या आधी एक-दोन दिवस ही मुदत कमी करून ठेवावी लागते. तसे न केल्यास नव्या घरी पाटी लावल्यानंतरही काही मंडळी कित्येक तास जुन्याच दारावर थाप मारीत राहतात; आणि तेथे कोणी फीची पावती नोंदविली तर ती जुन्या वहीतच राहते.

ह्या सोयी हाती आल्यावर जाणत्या लोकांनी पुढचा प्रश्न विचारला : मग जुन्या यंत्राची दुरुस्ती करावीच कशाला? मार्टिन फाउलर ह्या इंग्रज लेखकाने 2012 साली अशा जुन्या सर्व्हरला हिमकणाची उपमा दिली. कोणतेही दोन हिमकण सारखे नसतात, तसा हा सर्व्हरही एकमेव झालेला असतो. पाच वर्षांत दहा जणांनी त्याला हात लावलेला असतो. एकाने रात्री अडचण आली म्हणून काही बदलले, दुसऱ्याने सणाच्या घाईत काही जोडले, आणि कोणी कोठेच लिहून ठेवले नाही. असे यंत्र चालते तोवर चालते. त्यावर नवी आवृत्ती बसवायला गेले की ते सारे अज्ञात बदल एकदम समोर येतात. त्यातच नवी आवृत्ती बहुधा दप्तराची मांडणीही बदलते, नवे रकाने घालते, जुने मोडते. हे काम निम्म्यावर अडले तर हातात जुने राहत नाही आणि नवेही मिळत नाही. शाळा उघडायला आठ दिवस उरले असताना असे झाले तर काय होईल ह्याची कल्पना पालकांनीच करावी.

नव्या यंत्रावर मात्र निम्म्यावर अडल्यास काही बिघडत नाही. ते पुसावे आणि पुन्हा सुरुवात करावी; जुने आपल्या जागी चालूच आहे. चाचांच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर हे.

नेटफ्लिक्स ह्या चित्रपट पुरविणाऱ्या अमेरिकन कंपनीने हा रस्ता फार आधी धरला. ऑगस्ट 2008 मध्ये तिच्या मुख्य दप्तरात बिघाड होऊन तीन दिवस तिला गिऱ्हाइकांकडे एकही डीव्हीडी पाठविता आली नाही. त्यानंतर तिने आपले काम भाड्याच्या यंत्रांवर हलवायला घेतले, पण जुने जसेच्या तसे उचलून नेले नाही; एकेक भाग नव्याने रचून नेला. शेवटचा भाग हलला जानेवारी 2016 मध्ये. म्हणजे सात वर्षे लागली!

येथपर्यंतचा इतिहास वाचून असे वाटेल की आता सारे सोपे झाले. तसे नाही. यंत्र पुन्हा उभे करता येते. दप्तर पुन्हा उभे करता येत नाही. आणि दप्तर हलविणारा हात माणसाचाच असतो.

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब ह्या कंपनीत काय झाले ते जरा सविस्तर सांगतो. ही कंपनी प्रोग्रॅमर लोकांचे लिखाण आणि त्याचे व्यवस्थापन आपल्या सर्व्हरवर ठेवते. तिचे मुख्य दप्तर एका यंत्रावर होते आणि त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रावर सतत होत असे, मुख्य यंत्र पडले तर प्रत हाताशी असावी म्हणून. त्या संध्याकाळी कामाचा ताण वाढून प्रत मागे पडली आणि मग नक्कल होणेच थांबले. एक कर्मचारी ती पुन्हा सुरू करण्यासाठी रात्री उशिरापर्यंत झटत होता. काही केल्या होईना. त्याला वाटले, प्रतीच्या यंत्रात जुना अपुरा मजकूर पडून आहे, तो पुसून टाकला की होईल. त्याने पुसण्याचा हुकूम दिला. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले की आपण प्रतीच्या यंत्रावर नाही, मुख्य यंत्रावर आहोत. त्याने हुकूम थांबविला, पण तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट तेवढे शिल्लक राहिले होते.

आता बॅकअप काढा, असे कोणीही म्हणेल. त्यांनीही तेच म्हटले, आणि तेव्हा कळले की बॅकअप नावाच्या ज्या निरनिराळ्या व्यवस्था कागदावर होत्या त्यांतील एकही भरवशाची नव्हती. रोजचा बॅकअप ज्या जागी जमा व्हायचा ती जागा रिकामी होती, कारण दप्तराच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती 9.6 होती आणि बॅकअप घेणारे साधन 9.2 चे वापरले जात होते; ते रोज नापास होत होते. नापास झाल्याची सूचना ईमेलने जात होती, पण त्या ईमेलही स्वीकारल्या जात नव्हत्या. डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय होती, पण दप्तराच्या यंत्रांसाठी ती चालूच केलेली नव्हती. वाचले ते एका योगायोगामुळे. त्याच कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच एका चाचणीसाठी दप्तराची एक प्रत हाताने काढून ठेवली होती. ती मंद गतीच्या डिस्कवर होती. ती परत आणण्यात बरेच तास गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुरू झाले, पण मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच : सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार अभिप्राय आणि सातशे नव्या सभासदांची खाती ह्यांना त्याची झळ लागली.

त्या कंपनीने हे लपविले नाही. दुरुस्तीचे काम तिने साऱ्या जगाला थेट दाखविले आणि नंतर चुकांचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढले नाही. अहवालात त्याचे नावही नाही; "कर्मचारी क्रमांक एक" असा उल्लेख आहे. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. दोष एका थकलेल्या माणसाच्या बोटाचा होता, हे खरे. पण रोज नापास होणाऱ्या बॅकअपकडे कोणीच पाहत नव्हते, हा दोष साऱ्या कचेरीचा होता.

दीड वर्षाने ह्याच कंपनीला आपले सारे दप्तर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून गूगलच्या क्लाउडवर न्यावयाचे होते. ह्या वेळी नवी यंत्रे आधी उभी केली, जुन्यावरील मजकूर त्यांवर सतत उतरत राहील अशी व्यवस्था लावली, आणि मग प्रत्यक्ष दिवसाची रंगीत तालीम वारंवार केली. शनिवार दिनांक 11 ऑगस्ट 2018 रोजी काही तास सेवा बंद ठेवून स्थलांतर पार पडले. त्या दिवसाविषयी फारसे कोणी लिहीत नाही, कारण त्या दिवशी लिहिण्यासारखे काही घडले नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील टीएसबी बँकेचे. ही बँक लॉइड्स बँकेतून वेगळी झाली होती, पण तिचे दप्तर लॉइड्सच्याच यंत्रांवर भाड्याने चालत होते. 2015 मध्ये सबादेल ह्या स्पेनमधील बँकेने ती विकत घेतली आणि आपल्या पद्धतीची नवी यंत्रणा तिच्यासाठी उभी केली. एप्रिल 2018 मधील एका शनिवार-रविवारी सुमारे 52 लाख गिऱ्हाइकांची खाती एकदम नव्या यंत्रणेवर नेली. खाती बिनचूक पोहोचली, आकडे जुळले. पण रविवारी, 22 तारखेला, दारे उघडताच नवी यंत्रणा लोकांच्या गर्दीखाली कोसळली. लाखो लोकांना स्वतःचे खाते उघडता येईना. काहींना तर दुसऱ्याचेच खाते दिसू लागले. लबाडांनी ही संधी साधून गोंधळलेल्या गिऱ्हाइकांना फसविले. वर्षभरात सव्वादोन लाखांवर तक्रारी आल्या. व्यवहार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. सप्टेंबरमध्ये बँकेच्या मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावे लागले होते, आणि 2022 च्या डिसेंबरात नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला.

चौकशीत जे निघाले त्यातील एकच बाब सांगतो. नवी यंत्रणा दोन संगणकगृहांत मिळून चालणार होती. भाराची चाचणी घेतली ती मात्र एकाच संगणकगृहाची. दुसऱ्यातील मांडणीत फरक होता, तो गर्दी आल्यावर कळला. तिजोरी सुखरूप पोहोचली, पण घराची भिंत कोणी ठोकून पाहिली नव्हती.

आणि तिसरा धोका अगदी शेवटी असतो, सारे झाल्यावर, जुने आवरताना. ॲटलासियन ही कंपनी कचेऱ्यांच्या कामाचे व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर क्लाउडवर पुरविते. तिच्या एका जुन्या पुरवणीचे काम मुख्य सॉफ्टवेअरमध्येच आले होते, म्हणून 5 एप्रिल 2022 रोजी ती जुनी पुरवणी काढून टाकण्याचा हुकूम दिला गेला. पण यादीत पुरवणीच्या क्रमांकांऐवजी गिऱ्हाइकांच्या संपूर्ण दप्तरांचे क्रमांक आले होते, आणि हुकूम कायमचे पुसण्याचा होता. अवघ्या 23 मिनिटांत 775 गिऱ्हाइकांची दप्तरे बंद पडली. बॅकअप चोख होते, पण एकाच वेळी इतक्या जणांचे परत बसविण्याची तयारी नव्हती. काहींना चौदा दिवस थांबावे लागले.

आपल्याकडे आयकर विवरणपत्राचे संकेतस्थळ 2021 मध्ये बदलले तेव्हा जुने 1 ते 6 जून बंद ठेवून 7 जूनला नवे उघडण्यात आले. पुढील महिन्यांत ज्यांनी विवरणपत्र भरण्याचा प्रयत्न केला त्यांना त्याविषयी मी सांगावे असे काही नाही. मुदत सरकारला 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. कोविडचे कारण होते, आणि ह्या अडचणींचेही होते.

आता आपल्या कचेरीकडे वळू. हे सारे मी चाचांना फुरसतीने सांगितले. टीएसबी बँकेची हकीकत त्यांनी दोनदा ऐकली. मग त्यांनी कंपनीच्या तरुणाला एकच अट घातली : "तू तुझे काम कर. पण पाटी फिरवायच्या आधी दोन दिवस मला दे."

नवा सर्व्हर उभा राहिला, दप्तर त्यावर उतरले. तरुणाने आकडे दाखविले. जुन्यात विद्यार्थी जितके, नव्यात तितकेच, पावत्या तितक्याच, एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली. त्याच्या मते काम संपले होते. चाचांनी कपाटातून कागदी जनरल रजिस्टरचे जाड खंड काढले, दोन शिपायांना समोर बसविले आणि नोंदी मोठ्याने वाचून पडद्याशी ताडू लागले. तासाभराने ते थांबले. एका मुलाची जन्मतारीख रजिस्टरात 3 जून होती, पडद्यावर 6 मार्च. पुढच्या पानावर 5 नोव्हेंबरचे 11 मे झाले होते. 17 ऑगस्ट मात्र 17 ऑगस्टच राहिला होता.

तरुण गोरामोरा झाला. कारण अर्ध्या तासात सापडले. नव्या सर्व्हरची मूळ मांडणी अमेरिकन पद्धतीची होती. तेथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. दप्तर उतरताना जेथे दिवस बारा किंवा त्याहून कमी होता तेथे दिवस आणि महिना ह्यांची अदलाबदल झाली. बाराच्या पुढे महिनाच नसल्यामुळे बाकीच्या तारखा वाचल्या. संख्या जुळत होती, बेरजा जुळत होत्या, आणि कित्येक मुलांच्या जन्मतारखा चुकल्या होत्या. ह्याच नोंदीवरून बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज भरला जातो, ह्याच नोंदीवरून दाखला निघतो, आणि त्या दाखल्यावर पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सारे अवलंबून असते. जन्मतारीख दुरुस्त करून घेण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेले पालक आपल्यात आहेत. त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको.

जुना सर्व्हर जागेवर होता, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. नवा पुसला, मांडणी बदलली, दप्तर पुन्हा उतरविले. चाचा पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसले. दोन दिवसांचे पाच झाले.

पाटी फिरली त्या रात्री कोणाला काही कळले नाही. कंपनीचा तरुण दुसऱ्या दिवशी जुना सर्व्हर बंद करण्याच्या संमतीचे पत्र घेऊन आला. त्याचे भाडे उगाच चढते आहे असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. चाचांनी पत्र वाचले, घडी केली आणि खणात ठेवले. "शाळा उघडू दे, नवे प्रवेश होऊ देत, पहिल्या सत्राची फी जमा होऊ दे," ते म्हणाले. तीन महिन्यांचे जादा भाडे कार्यकारी मंडळाने मंजूर केले. पत्रावर सही झाली ती सप्टेंबर महिन्यात. त्याआधी चाचांनी जुन्या दप्तराची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली, ती दुसऱ्या संगणकावर उघडून दहा नावे शोधून पाहिली, आणि मग ती डिस्क जनरल रजिस्टरांच्या कपाटात ठेवून कुलूप लावले.